सेवेकऱ्याचा वाटा

श्रोतेहो, आजच्या निरूपणाला शब्द एकच घेतला आहे: सेवा. शब्द सोपा आहे. पण सेवा करणाऱ्याचा वाटा कोणता, हे विचारलं की भले भले अडखळतात.

तुम्ही शेगावला दर्शनाला जाता. आधी चपला ठेवता. त्या चपला घेतो कोण, कधी नीट पाहिलं का? पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. तो तुम्हाला माउली म्हणतो आणि तुमची धुळीनं भरलेली चप्पल हातात घेतो. एकदा मी अशा एका सेवेकऱ्याला विचारलं, "बाबा, घरी काय करता?" म्हणाला, "वावर हाये महाराज, दहा एकर." मी म्हटलं, "मग इथं काय मिळतं?" तो हसला. "पाळी मिळते ना महाराज! तिच्यासाठी कितीक दिवस वाट पाहा लागते."

पहा! आपण मजुरी विचारली, त्यानं पाळी सांगितली. दहा एकराचा मालक इथं बिनवाट्याचा चाकर, आणि त्यातच त्याला आनंद.

हा बिनवाट्याचा चाकर फार जुना आहे बरं का. खामगावच्या एका ख्रिस्ती गुरुजींनी मला मराठी पवित्र शास्त्र वाचायला दिलं. त्यात लेवींची कथा वाचली आणि मला हाच चपलांचा सेवेकरी आठवला. कोणी म्हणेल, महाराज, वारकऱ्याच्या कीर्तनात हे कुठून आलं? अहो, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती दीक्षा घेतली, पण पुढे ख्रिस्त गायला तो अभंगातच. त्यांनी आपला अभंग घेतला, आपण त्यांच्या ग्रंथातला दृष्टांत घ्यायला काय हरकत?

तर कथा अशी. इस्राएलाचे वंश मिसर देशाच्या गुलामीतून सुटून रानातून चालले होते. देवाचं मंदिर म्हणजे एक तंबू, निवासमंडप. मुक्काम हलला की मंडप उतरवायचा, पुढच्या मुक्कामी पुन्हा उभारायचा. आपल्या दिंडीची राहुटी असते ना, तसंच. हे काम लेवीच्या वंशाला दिलं. त्यात तीन घराणी. गेर्षोनाच्या घराण्याकडे पडदे आणि कनाती. मरारीच्या घराण्याकडे फळ्या, खांब, मेखा, दोर. कहाथाच्या घराण्याकडे कराराचा कोश, म्हणजे सगळ्यांत पवित्र वस्तू. गेर्षोनाला दोन गाड्या आणि चार बैल मिळाले, मरारीला चार गाड्या आणि आठ बैल. कहाथाला एकही गाडी नाही! काहून? पवित्र वस्तू खांद्यावरच न्यायची. पालखीला खांदा देणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि मेखा वाहणारा कमी प्रतीचा नाही बरं का. त्याचं कामही ग्रंथात नेमून दिलेलं आहे. मेख राहिली तर मंडप उभा कसा राहील? ३० ते ५० वर्षं वयाचे असे ८,५८० सेवेकरी मोजले गेले.

पुढे देशात पोचल्यावर जमिनीची वाटणी झाली. सगळ्या वंशांना वाटे मिळाले. लेवीला मात्र स्वतंत्र मुलूख नाही. राहायला ४८ नगरं आणि भोवतीची गायरानं, पोटाला लोकांच्या उत्पन्नाचा दहावा भाग. त्यातलाही दहावा भाग त्यानं पुन्हा देवाला द्यायचा. वाटा कोणता? देव म्हणाला, तुझा वाटा मीच.

श्रोतेहो, आता पंढरीला चला. विठुरायाच्या राउळातही घराण्यांनी सेवा वाटून घेतल्या होत्या. पुजारी पूजा करायचे, बेणारी मंत्र म्हणायचे, परिचारक पाणी आणायचे, हरिदास पदं गायचे, डिंगरे आरसा दाखवायचे, दिवटे दिवटी धरायचे, डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहायचे. वर देखरेख बडव्यांची, रुक्मिणीमातेकडे उत्पात. किती सुंदर व्यवस्था! पण सेवेचा हक्क झाला, हक्काचं उत्पन्न झालं, आणि भाविकांच्या तक्रारी सुरू झाल्या. १९७३ साली कायदा होऊन वारसा हक्क संपवले गेले. कोर्टकचेऱ्या चालल्या, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शेवटचा शिक्का मारला.

पण थांबा. बडव्यांकडे बोट दाखवायला काय लागतं? माझंच सांगतो. घाटावरच्या एका गावी सप्ताहात कीर्तन होतं. पावसानं दगा दिलेलं साल. कीर्तन झालं, पाकीट हातात आलं, हलकं लागलं. मी चारचौघांत बोलून गेलो, "एवढ्यात पेट्रोलही निघत नाही." एक म्हातारी पुढे आली. पदराची गाठ सोडून दहाची नोट माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या महाराज, देवाचं नाव घेतलं तुम्ही." कीर्तनकाराच्या खाण्याघेण्याबद्दल तुकोबारायांनी काय दंडक घातला, तो मी शेकडो वेळा लोकांना सांगितला होता. त्या दिवशी तो माझ्या कानात शिरला. चाकर मी, आणि हिशेब मालकाचा मागत होतो!

ख्रिस्ती ग्रंथातही लेवीला असाच आरसा दाखवला आहे. येशूनं एक गोष्ट सांगितली. एका वाटसरूला चोरांनी मारून अर्धमेला टाकला. एक याजक आला, पाहून पलीकडच्या बाजूनं गेला. मग एक लेवी आला, तोही तसाच गेला. देवळाचा सेवेकरी, आणि देवाचा माणूस रस्त्यात पडलेला दिसूनही पाय थांबेना! थांबला तो शोमरोनी, ज्याला यहुदी लोक परका मानायचे. त्यानं जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, पैसे भरले. सांगा, खरी सेवा कोणी केली?

म्हणून ख्रिस्ती लोक आज लेवींची कथा कशी वाचतात, ते ऐका. येशू लेवीच्या वंशातला नव्हे, यहूदाच्या वंशातला. तरी ते त्याला महायाजक मानतात. मग सेवा एका घराण्याची उरली नाही. प्रत्येक भक्त याजक, आणि आपलं शरीर, आपलं जगणं हेच अर्पण. मंडप उचलण्याचं काम संपलं, खांदा देण्याचं संपलं नाही.

आपल्या जिल्ह्यात हे डोळ्यांनी पाहिलं आहे. शेगाव संस्थानचा एवढा मोठा कारभार शिवशंकरभाऊ पाटलांनी वर्षानुवर्षं पाहिला. लोक सांगतात, संस्थानच्या पाण्याचा घोटही ते घेत नसत. ४ ऑगस्ट २०२१ रोजी भाऊ गेले. मालकी कशाचीच सांगितली नाही, म्हणून लोकांनी त्यांना आपलं म्हटलं.

लेवीला पन्नाशीनंतर जड काम माफ होतं, पण भावांना मदत करायची मुभा होती. मी तर साठी ओलांडली. आवाज बसला तर बसो. टाळ उचलता येईल, तोही जड झाला तर वारकऱ्याला पाणी देता येईल.

आता शेगावला जाल तेव्हा चपला देताना त्या माउलीला आधी नमस्कार करा. आणि आपल्या गावी, आपल्या घरी, आपली मेख कोणती ते शोधा. वाटा विचारू नका. तो विटेवर उभा आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!