खापरावरचे वर्तुळ, कागदावरची रेघ : इनामगावच्या रेखाटनांचा मागोवा

दौंडवरून वाहणाऱ्या भीमेची उपनदी असलेल्या घोडच्या उजव्या तीरावर, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले आणि १९८८ मध्ये ढवळीकर, सांकलिया व अन्सारी यांच्या नावे त्याचा बृहद्‌अहवाल प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाण युगातील, म्हणजे तांब्याबरोबर दगडी हत्यारेही वापरात असतानाच्या, या शेतकरी वस्तीचा काळ सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० असा धरला जातो. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; परंतु तिची खापरे ज्या पेन्सिलीने कागदावर उतरवली गेली, त्या पेन्सिलीच्या कामाची दखल चित्रकलेच्या अंगाने फारशी घेतली जात नाही, आणि ती घ्यायला हवी.

संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून नाव मिळालेली जोर्वे भांडी चाकावर घडवलेली, पातळ, पक्की भाजलेली आणि टिचकी मारल्यास खणखणीत वाजणारी असून त्यांच्या तांबड्या अंगावर काळ्या रंगात समांतर रेघा, नागमोडी पट्टे व आडव्यातिडव्या रेघांनी भरलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन रंगवलेले असतात. असे भांडे अखंड क्वचितच मिळते. हाती येतो तो काठाचा बोटभर तुकडा. तो समकेंद्री वर्तुळे आखलेल्या कागदावर उभा धरून सरकवत नेला की त्याची कड ज्या वर्तुळाशी तंतोतंत जुळते, ते वर्तुळ म्हणजे भांड्याच्या तोंडाचा घेर. त्यानंतर मधोमध उभा अक्ष आखून साधारणपणे डावीकडे छेद, म्हणजे भांडे उभे कापल्यास दिसणारी भिंतीची जाडी, आणि उजवीकडे नक्षीसह बाह्यांग काढतात. येथे भूमितीची खरी कसोटी लागते, कारण गळ्याभोवती फिरलेला रंगाचा पट्टा मुळात वर्तुळ असूनही समोरून पाहताना सरळ आडवी रेघ होतो, आणि एकाच मापाचे चौकोन मध्यावर रुंद तर कडेकडे अरुंद होत जातात. ही आकुंचने साधली नाहीत तर भांडे गोल वाटतच नाही. छायाचित्रात नक्षी दिसते, पण भिंतीची जाडी आणि हरवलेला घेर या पेन्सिलीनेच हाती लागतो.

घरांच्या आराखड्यांत भूमितीची हीच कसोटी मोठ्या मापाने लागते. वस्तीच्या आधीच्या, माळवा व पूर्व जोर्वे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळांतील आयताकृती घरे पट्टीने आखता येतात; पण इ. स. पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे काळात, ढवळीकरांच्या मते पाऊसमान घटून वस्तीला उतरती कळा लागल्यावर, त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. त्यांचे वर्तुळ कंपासने काढून चालत नाही, कारण खांबाचा खळगा जिथे सापडला तिथेच बिंदू द्यावा लागतो आणि घेर कुठे फुगलेला, कुठे दबलेला, तसाच ठेवावा लागतो.