दोन यंत्रें, एक माप

आवाज ही मोठी क्षणभंगुर वस्तु आहे. तो मुखांतून निघाला कीं हवेंत विरून जातो. त्यास जपून ठेवण्याचीं साधनें आज घरोघर आलीं आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु साधन हातीं आलें म्हणजे विद्याहि आली असें नव्हे, हें आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं चांगलेंच कळून आलें.

आमच्या मातोश्रींस जात्यावरच्या पुष्कळ ओव्या मुखोद्गत होत्या. त्या टिपून ठेवाव्या या हेतूनें आम्हीं एका स्नेह्याकडून कांट्याचा मिक्सर मागून आणिला आणि तो घरच्या लहान ध्वनिलेखक यंत्रास जोडिला. मिक्सरचा कांटा शून्याच्या आसपास शांतपणें हालत होता. सर्व यथास्थित आहे असें आम्हांस वाटलें. मागाहून ऐकतों तों प्रत्येक चढा सूर फाटलेला! पुढें मातोश्रींस दम्यानें ग्रासलें, आणि त्या ओव्या त्यांच्यानें पुन्हां तशा म्हणवल्या नाहींत. दोष कोठें होता, हें विद्यार्थ्यांस समजावें म्हणून हा लेख.

मायक्रोफोन ध्वनीचें रूपांतर विजेच्या दाबांत करितो, आणि मिक्सर तो दाब वाढवून पुढील यंत्राकडे पाठवितो. हा दाब किती असावा याविषयीं दोन रूढी आहेत. व्यावसायिक यंत्रांत कांटा शून्यावर असतां बाहेर पडणारा दाब सुमारें १.२३ व्होल्ट असतो. त्यास ‘अधिक ४ डीबीयू’ म्हणतात. घरगुती यंत्रांस मात्र सुमारें ०.३२ व्होल्टच अपेक्षित असतात. त्यास ‘उणें १० डीबीव्ही’ अशी संज्ञा आहे. चार आणि दहा मिळून हें अंतर चौदा डेसिबलांचें झालें, असें कोणी म्हणेल, तर तें चूक होय. कारण पहिलें माप ०.७७५ व्होल्टापासून मोजतात व दुसरें १ व्होल्टापासून. खरें अंतर ११.८ डेसिबल, म्हणजे जवळजवळ चौपट दाब, इतकें आहे. पूर्वीं एका गांवचा शेर दुसऱ्या गांवच्या शेराशीं जुळत नसे, तसाच हा प्रकार. आम्हीं पावशेराच्या मापांत शेरभर दूध ओतूं पाहिलें. तें सांडलें यांत नवल काय? कांटा खोटें बोलत नव्हता. तो आपल्या घरचें माप सांगत होता.

दुसरा भेद शून्याचा. अमेरिकेंत १९३९ सालीं प्रचारांत आलेल्या व्ही. यू. मीटरचें शून्य हें नेहमींच्या कामाचें ठिकाण आहे. त्याच्यावरहि जागा मोकळी असते. आजच्या अंकीय यंत्राचें शून्य मात्र छत आहे. त्याच्यावर केसभरहि जागा नाहीं. शिवाय व्ही. यू. मीटरचा कांटा मुद्दाम मंद ठेविलेला असतो. स्थिर सुराच्या खुणेपर्यंत पोंचण्यास त्याला सुमारें ०.३ सेकंद लागतात. टाळीसारखे क्षणिक आघात तो पुरते दाखवूं शकत नाहीं.

आतां उपाय पाहूं. प्रथम यंत्राच्या मागील बाजूस या दोन मापांपैकीं एक निवडण्याची कळ आहे काय, तें पाहावें. नसल्यास दोहोंच्या मध्यें दाब कमी करणारा पॅड जोडावा. केवळ ध्वनिलेखकाचें बटण उतरवून भागेलच असें नाहीं. कित्येक यंत्रांत तें पहिल्या वर्धकानंतर येतें, आणि सूर तत्पूर्वींच फाटलेला असतो. मग सेकंदास १००० कंपनांचा स्थिर सूर मिक्सरमधून सोडून कांटा बरोबर शून्यावर आणावा, आणि अंकीय मीटर उणें २० दाखवीपर्यंत ध्वनिलेखकाचें बटण फिरवावें. अमेरिकेंतील चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या क्षेत्रांत हाच संकेत आहे. दोन्ही यंत्रांचें माप आतां एक झालें. बटणाच्या जागीं खूण करून ठेवावी. शेवटीं गाणाऱ्याकडून सर्वांत चढा सूर म्हणवून घ्यावा, आणि लेखन तेथल्या तेथें ऐकावें.

आवाज फार हलका येईल, ही भीति बाळगूं नये. २४ बिटांच्या यंत्रांत हलकें टिपलेलें मागाहून वाढवितां येतें. फाटलेलें मात्र शिवतां येत नाहीं.

आमच्या त्या लेखनांतील दोन संथ ओव्या तेवढ्या निर्मळ उतरल्या आहेत. त्याच आम्ही अधूनमधून ऐकतों. विद्यार्थीमित्रांनो, तुमच्याहि घरीं एखादी आजी असेल. तिला मायक्रोफोनपुढें बसविण्यापूर्वीं पांच मिनिटें यंत्रांस द्या. कारण यंत्र दुसरें मिळेल, तो आवाज मिळणार नाहीं.