आवाजाच्या कोडची साफसफाई

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत एलजीचे टीव्ही तयार होतात. त्यांतली वेबओएस ही कार्यप्रणाली लिनक्सवर बेतलेली. दौंडच्या बाजारात कुणाचाही अँड्रॉइड फोन घेतला, तरी आत लिनक्सच. लिनक्समध्ये आवाजाचं खातं ‘अल्सा’कडे असतं, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता, सुधारता येतो.

यारोस्लाव्ह किसेला यांनी 1998 साली अल्सा सुरू केलं. 2003च्या 2.6 कर्नलपासून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीपासून, तेच रुळलं. तेव्हापासूनचा कोड आता जुना झालाय. त्याची निगराणी करणारे ताकाशी इवाई वर्षानुवर्षं तो झाडूनपुसून घेताहेत.

एक उदाहरण. बिघाड झाला की जुने ड्रायव्हर अल्साच्या खास ‘एसएनडी_प्रिंटके’मधून संदेश छापत. मशीनला दोन साउंड कार्डं असली, तर बिघडलं कोणतं हे त्यावरून धड कळत नसे. 2024 साली इवाईंनी असे संदेश कर्नलच्या नेहमीच्या ‘डेव्ह_एर’वर आणले. त्यात उपकरणाचं नाव आपोआप येतं.

दुसरी सफाई लॉकची. दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी सेटिंगला हात घालू नये म्हणून ड्रायव्हर लॉक लावतो. फंक्शनमधून बाहेर पडायच्या वाटा मात्र चार-पाच. एखाद्या वाटेवर लॉक काढायचा राहिला, की पुढचा प्रोग्रॅम ताटकळलाच! नव्या ‘गार्ड’ पद्धतीत तो आपोआप सुटतो. बाहेरच्या वाटेवर नेणाऱ्या ‘गोटू’ या आज्ञेच्या उड्याही कमी होतात.

खरी अडचण पुढेच आहे, बदल तपासण्याची. आयएसए स्लॉटच्या साउंड ब्लास्टर कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये अजून आहेत, कार्डं मात्र बहुतेक भंगारात गेली. मग कार्डावर चालवून बघता न आल्याने बदल पाठवणारा लिहितो, ‘फक्त कंपाइल करून पाहिलं.’

यूएसबी मिक्सरांची तऱ्हा निराळी. काही मॉडेलं ठरलेलं मानक जेमतेम पाळतात. त्यांच्यासाठी कंपनी आणि मॉडेलच्या क्रमांकांनिशी ‘क्वर्क्स’ची, म्हणजे खास अपवादांची, यादी ठेवलेली आहे. त्यातली ओळ कितीही जुनाट दिसली, तरी बेधडक उडवता येत नाही. तो मिक्सर पाटसकडच्या एखाद्या हरिनाम सप्ताहात आजही वाजत असू शकतो.

अशा मिक्सरचा मालक असलेला साउंडवाला या कामात मोलाचा. लॅपटॉपवर नवा कर्नल चढवायचा, ‘एप्ले -एल’ देऊन कार्ड ओळखलं का बघायचं, गाणं लावायचं, माइक रेकॉर्ड करायचा. काही अडलं तर कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मधला मजकूर जोडून कळवायचं. सगळं नीट वाजलं, तर तपासणाऱ्याचं नाव त्या बदलाखाली ‘टेस्टेड-बाय’ या ओळीत नोंदवता येतं.