कुत्र्यांसाठी होमिओपॅथी : मूळ संकल्पना आणि गोचीडतापाची कसोटी

शेतावरच्या कुत्र्याने खाणे सोडले, अंग तापले, की अनेक घरांत प्रथम हात जातो तो होमिओपॅथीच्या पेटीकडे. साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या कुत्रा विनातक्रार घेतो, खर्च अत्यल्प येतो आणि 'अपाय तर नाही ना' असे समाधानही मिळते. 'कोणती गोळी द्यावी?' हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांनाही विचारला जातो. त्याचे उत्तर देण्याआधी या पद्धतीच्या मूळ संकल्पना समजून घेणे इष्ट ठरेल. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात शिरण्याचे कारण साधे आहे : या पेटीतले एक प्रसिद्ध औषध मधमाशीपासून बनते, आणि ज्या तापावर ते किंवा त्याचे भाईबंद दिले जातात तो पुष्कळदा गोचिडीमुळे आलेला असतो.

जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांनी 1790 मध्ये सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली आणि त्यांना हिवतापासारखी लक्षणे जाणवली. निरोगी माणसात एखादा पदार्थ जी लक्षणे निर्माण करतो, तशाच लक्षणांच्या रोगावर तोच पदार्थ सूक्ष्म मात्रेत गुणकारी ठरतो, हे तत्त्व त्यांनी 1796 मध्ये मांडले. 1810 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑर्गेनॉन' या ग्रंथात त्याचा विस्तार आहे. तो काळ रक्त काढण्याचा आणि पारा पाजण्याचा होता. त्या उपचारांच्या तुलनेत होमिओपॅथीचे रुग्ण सुस्थितीत राहत असतील, तर त्यात नवल नव्हते. लाइपझिगचे पशुवैद्य विल्हेल्म लुक्स यांनी 1833 च्या सुमारास ही पद्धत प्राण्यांसाठी पुढे नेली.

मधमाशीचा दंश झाला की आग होते, लाली येते, सूज चढते. म्हणून 'एपिस मेलिफिका' हे मधमाशीपासून केलेले औषध तशाच सुजेवर द्यावे, असा या पद्धतीचा तर्क आहे. औषध निवडताना रोगाच्या नावापेक्षा रुग्णाच्या लक्षणांना आणि त्याच्या सांगण्याला महत्त्व असते : शेकल्याने बरे वाटते की गार पाण्याने, दुखणे सकाळी वाढते की रात्री. कुत्रा यातले काहीच सांगत नाही. ते त्याच्या वतीने मालक सांगतो, आणि तेही माणसांवरून बांधलेल्या लक्षणसूचीशी जुळवून घेतले जाते.

दुसरी संकल्पना पोटेन्सीची. मूळ अर्काचा एक भाग 99 भाग अल्कोहोल किंवा पाण्यात मिसळून जोराने हलवला की ती 1 सी पोटेन्सी होते. त्यातला एक भाग पुन्हा 99 भागांत मिसळला की 2 सी. प्रत्येक पायरीगणिक औषधाची शक्ती वाढते, असे ही पद्धत मानते. फवारणीचे प्रमाण काढणाऱ्या वाचकांना हे हिशेबाने पाहता येईल. 1 मिलि मूळ अर्क सगळाच्या सगळा विरळ करत न्यायचा ठरवला, तर 2 सीला 10 लिटर द्रव लागतो, 3 सीला 1,000 लिटर, 6 सीला 100 कोटी लिटर. 9 सीला कोयनेएवढी, म्हणजे सुमारे 105 टीएमसीची, सव्वातीनशेहून अधिक धरणे भरावी लागतील. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर थेंबभरच पुढे नेला जातो, म्हणून हे काम बाटलीत उरकते. 12 सीच्या पुढे तर अॅव्होगॅड्रो संख्येच्या हिशेबाने त्या बाटलीत मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडण्याची शक्यताही नगण्य होते. दुकानात सहज मिळणाऱ्या पोटेन्सी 30 आणि 200 आहेत. हलवल्याने द्रावकात पदार्थाची 'स्मृती' उरते, या म्हणण्याला रसायनशास्त्रात आधार सापडलेला नाही.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. बाटलीवर 'क्यू' लिहिलेले मदर टिंक्चर विरळ केलेले नसते. त्यात वनस्पतीचा खरा अर्क आणि अल्कोहोल, दोन्ही असतात. नक्स व्होमिका म्हणजे आपला कुचला. त्याच्या बियांतले स्ट्रिक्निन कुत्र्यासाठी अतिशय घातक विष आहे. 'होमिओपॅथीने अपाय होत नाही' हे वाक्य निदान या बाटल्यांना लागू पडत नाही.

मग गोळ्यांनी कुत्रे बरे झाल्याचा अनुभव इतक्या जणांना का येतो? साधा जुलाब, कीटकदंशाची सूज, किरकोळ मुरगळ हे बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरणारे विकार आहेत. कुत्र्याला औषधाची अपेक्षा नसते, तेव्हा त्याच्यावर मानसिक परिणाम होणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. परंतु सुधारणा झाली की नाही, हे ठरवतो मालक, आणि त्याला अपेक्षा असते. सांधेदुखीच्या कुत्र्यांवरील एका चाचणीत, निष्क्रिय गोळी मिळालेल्या कुत्र्यांच्या पायांवर पडणारा भार यंत्राने मोजला गेला. भारात फरक नसतानाही अनेक मालकांना, आणि तपासणाऱ्या पशुवैद्यांनाही, सुधारणा दिसली होती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये मानवी आजारांवरील अभ्यासांचा आढावा घेतला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा एकाही आजाराबाबत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

गोचीडतापात हा भ्रम महागात पडतो. आपल्याकडे कुत्र्यांवर सर्वत्र आढळणारी तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सॅन्ग्विनियस, बॅबेसिया आणि एर्लिकिया या दोन्ही रोगजंतूंचे वहन करते. बॅबेसिया तांबड्या रक्तपेशी फोडतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. एर्लिकियाचा क्रम अधिक फसवा आहे. आरंभीचा ताप, सुस्ती, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे दोन ते चार आठवड्यांत उपचाराविनाही ओसरू शकतात. याच काळात गोळ्या दिल्या असतील, तर श्रेय गोळ्यांना मिळते. जंतू मात्र शरीरात टिकून राहू शकतो. अशा काही कुत्र्यांत महिन्यांनी, कधी वर्षांनी, अस्थिमज्जा निकामी होऊ लागते, नाकातून रक्त येते, आणि त्या टप्प्यावर प्राण वाचवणे अवघड होते. पहिल्याच आठवड्यात रक्ताची तपासणी करून घेतली, तर एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिनचा साधारण चार आठवड्यांचा उपचार चांगला लागू पडतो. बॅबेसियाची औषधे वेगळी आहेत आणि ती जातीनुसार बदलतात. म्हणूनच आधी तपासणी हवी.

रेबीजबाबत तर वाटाघाटीला जागाच नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेपासून केलेले 'लायसिन' हे औषध होमिओपॅथीत आहे, आणि लसही याच तत्त्वावर चालते, असे समर्थन ऐकू येते. ते चुकीचे आहे. लसीत मोजता येईल इतके निष्क्रिय विषाणू असतात आणि त्यांनी निर्माण केलेली प्रतिपिंडे रक्तात मोजता येतात. कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात पहिली लस द्यावी आणि पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने चुकवू नयेत. माणसाला चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवून त्याच दिवशी लसीसाठी रुग्णालय गाठावे. खोल चाव्यात जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

गोचिडीचा बंदोबस्त करताना कुत्र्याचे अंग हा निम्माच भाग असतो. अंडी, सहा पायांची अळी, आठ पायांची अर्भकावस्था आणि प्रौढ अशा तिच्या अवस्था आहेत. प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन ती खाली उतरते आणि अंगाबाहेर कात टाकते. प्रौढ मादी काही हजार अंडी एकदम घालून मरते. या गोचिडीची ओढ वर चढण्याकडे असल्याने ती भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे, छपराच्या कडेला सापडते. त्या भेगा लिंपून बुजवाव्यात आणि कुत्र्याच्या जागेवरची पोती बदलावीत. अंगावर पशुवैद्यकाने सुचवलेले, कुत्र्यांसाठीच बनवलेले औषध वापरावे. फिप्रोनिल पिकांच्या औषधांतही असते, म्हणून पिकाची बाटली कुत्र्याच्या अंगावर ओतू नये. तिच्यातील तीव्रता आणि इतर घटक निराळे असतात. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. तेल लावणे किंवा चटका देणे टाळावे. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली रोज बोट फिरवून पाहावे.