विश्लेषण : उसाची डबल ट्रॉली जोडताना जीव धोक्यात का येतो? योग्य क्रम कोणता?

गाळप हंगाम सुरू झाला की माढा तालुक्यातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या डबल ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. चर्चा होते ती रस्त्यावरील अपघातांची. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली, मागून धडकलेली दुचाकी, वळणावर कलंडलेला ऊस. मात्र धोक्याची सुरुवात त्याआधीच, फडाच्या कडेला, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधील हातभर जागेत झालेली असते. हूक लावण्याचे आणि काढण्याचे काम दोन मिनिटांचे असले तरी त्याचा क्रम चुकला तर ते जीवावर बेतू शकते.

माढ्यात हा प्रश्न महत्त्वाचा का?

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्यावर माढा व शेजारच्या तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढत गेले. तालुक्यात गंगामाईनगर-पिंपळनेर येथे विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आहे. शिवाय आजूबाजूच्या तालुक्यांतील कारखान्यांनाही येथून ऊस जातो. त्यातील मोठा वाटा ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून वाहिला जातो.

काळ्या, ओलसर रानातून भरलेल्या दोन्ही ट्रॉल्या एकदम निघत नाहीत. म्हणून चालक एक ट्रॉली सोडतो, दुसरी रस्त्यापर्यंत ओढून आणतो, परत फडात जातो आणि शेवटी दोन्ही रस्त्याकडेला जोडतो. म्हणजे एकाच खेपेत जोडणे-सोडणे अनेकदा होते. ते बहुधा अंधारात, घाईत आणि दिवसभराच्या थकव्यानंतर होते.

नेमका धोका कुठे असतो?

पहिला धोका चिरडण्याचा. ट्रॅक्टर मागे येत असताना मदतनीस दांडी हातात धरून मध्येच उभा राहतो. क्लचवरचा पाय जरा निसटला तरी ट्रॅक्टर वीतभर मागे येतो आणि मधल्या माणसाला सुटकेला जागा नसते.

दुसरा धोका दांडीचा. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर असतो. ऊस मागच्या बाजूला जास्त भरला असेल, तर पिन काढताच दांडी झटक्यात वर उसळते. पुढे जास्त भरला असेल, तर ती पायावर आदळते.

तिसरा धोका ट्रॉली घरंगळण्याचा. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. हूक सुटला की उतारावर तिला थांबवणारे काहीच उरत नाही.

जोडण्याचा सुरक्षित क्रम कोणता?

मूळ नियम एकच आहे. एक तर ट्रॅक्टर हलेल, नाही तर माणूस मध्ये जाईल. दोन्ही एकाच वेळी कधीही नाही.

आधी ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावावेत. दांडी हाताने उचलून धरू नये. जॅक किंवा भक्कम टेकूवर ती हुकाच्या उंचीला आणून ठेवावी. मदतनिसाने चाकाच्या बाहेरच्या बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे. इशारा एकानेच द्यावा. मदतनीस दिसेनासा झाला, तर चालकाने तिथेच थांबावे.

ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गिअरमध्ये सावकाश मागे घ्यावा. कडी आणि हूक जवळ आले की ट्रॅक्टर थांबवून हँडब्रेक लावावा आणि इंजिन बंद करावे. त्यानंतरच माणसाने मध्ये जावे. शेवटची चार बोटे जुळली नाहीत, तर पुन्हा बाहेर यावे आणि मग ट्रॅक्टर हलवावा. अपघात नेमके या चार बोटांसाठी होतात, कारण ‘जरासंच मागे घे’ म्हणत माणूस मध्येच थांबतो.

पिन पूर्ण खाली बसली पाहिजे आणि तिच्या खालच्या छिद्रात क्लिप अडकवली पाहिजे. पिनऐवजी सळईचा तुकडा किंवा साधा बोल्ट घालणे धोक्याचे आहे. खड्ड्यांच्या धक्क्यांनी तो वाकतो, झिजतो किंवा उडून जातो. पिनसोबत सुरक्षा साखळीही लावावी. ठोकळे तसेच ठेवून ट्रॅक्टर हलकेच पुढे ओढून पाहावा. जोड पक्का असल्याची खात्री झाल्यावर ट्रॅक्टर थांबवून हँडब्रेक लावावा आणि मग ठोकळे काढावेत. मागच्या ट्रॉलीचे दिवे लागतात का, हेही तेव्हाच पाहावे.

सोडताना काय वेगळे करायचे?

जागा सपाट आणि टणक निवडावी. आधी ठोकळे, मग दांडीखाली जॅक, त्यानंतर साखळी व दिव्यांची वायर आणि सर्वांत शेवटी पिन, असा क्रम ठेवावा. पिन अडकली असेल, तर दांडीवर ताण आहे असे समजावे. अशा वेळी हातोडीने ठोकत बसण्याऐवजी सर्वांनी बाजूला व्हावे आणि ट्रॅक्टर किंचित मागे-पुढे घेऊन ताण मोकळा करावा. भरलेली दोनचाकी ट्रॉली सोडावीच लागली, तर मागच्या बाजूलाही टेकू द्यावा.

ट्रॅक्टरची पुढची चाके का उचलली जातात?

भरलेली ट्रॉली जागची हलत नसेल, तर इंजिनाची ताकद ट्रॅक्टरलाच मागच्या आसाभोवती फिरवू लागते. त्यामुळे पुढची चाके वर येतात. ओढणीचा बिंदू जितका उंच, तितका हा धोका जास्त. म्हणूनच ट्रॉली ठरवून दिलेल्या खालच्या हुकालाच जोडावी. फसलेली ट्रॉली काढण्यासाठी वरच्या लिंकला किंवा आसाला साखळी बांधली, तर एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटू शकतो. चाके उचलू नयेत म्हणून बॉनेटवर किंवा बंपरवर माणसे बसवणे हा उपाय नाही. भार कमी करणे, पुढे योग्य वजने लावणे आणि ट्रॉल्या एकेक करून काढणे हाच मार्ग आहे. चाके उचलताच क्लच दाबावा.

महामार्गावरील मोठ्या ट्रेलरलाही हेच लागू आहे का?

टेंभुर्णीवरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गावरील ट्रेलरची रचना वेगळी असते. तिथे ट्रेलरखालची किंगपिन ट्रकवरील ‘फिफ्थ व्हील’ नावाच्या तबकडीच्या जबड्यात अडकते. सोबत ब्रेकसाठी हवेचे पाइप जोडावे लागतात. जबडा बंद झाल्याचे खाली वाकून डोळ्यांनी पाहणे, मग हलकेच ओढून पाहणे आणि त्यानंतरच ट्रेलरचे पुढचे पाय वर घेणे, असा तिथला क्रम आहे. सोडताना आधी पाय खाली, मग पाइप आणि शेवटी जबडा. तत्त्व तेच आहे. आधी आधार, मग सुटका.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी लागते. कलम ६१ नुसार ट्रॉलीचा क्रमांक दिसला पाहिजे. एकापेक्षा जास्त ट्रॉल्या असतील, तर ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीवर असावा लागतो. जादा भारासाठी कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना निकामी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नागशेट्टी प्रकरणात स्पष्ट केले. पण परवाना वैध असणे आणि हूक लावता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

मग शिकायचे कुठे?

बहुतेक जण हे काम फडातच, दुसऱ्याचे पाहून शिकतात. त्यात चुकीच्या सवयीही उचलल्या जातात. हंगामापूर्वी वाहनांचे करार होतात, तेव्हाच कारखान्याच्या आवारात रिकाम्या ट्रॉलीवर तासभर सराव घेणे शक्य आहे. तो चालकाइतकाच मदतनिसालाही द्यायला हवा, कारण मध्ये उभा राहणारा तोच असतो. दोन ठोकळे, एक जॅक, क्लिप असलेली पिन, साखळी आणि बॅटरी एवढे साहित्य प्रत्येक ट्रॅक्टरवर असले, तरी यातील बहुतेक धोका टळू शकतो.