सहायक परिचारिका अभ्यासक्रम : खर्च आणि कमाईचा ताळेबंद

शिक्षणावर केलेला खर्च ही गुंतवणूक होय, असे आपण नेहमी म्हणतो. गुंतवणूक म्हटली की तिचा हिशेब मांडणे ओघानेच आले. परंतु मुलीला एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमास पाठविताना असा हिशेब क्वचितच केला जातो. शुल्क किती एवढे विचारले जाते आणि ते भरण्याची तजवीज झाली की प्रवेश निश्चित होतो. शेतीचा तुकडा किंवा घरातील दागिना गहाण ठेवून पैसा उभा करणाऱ्या कुटुंबाला ही घाई फार महागात पडू शकते. ग्रामीण भागातील मुलींचा ओढा ज्या अभ्यासक्रमाकडे मोठा आहे, त्या सहायक परिचारिका-प्रसाविका अर्थात ए.एन.एम. अभ्यासक्रमाच्या आधारे हा हिशेब कसा करावा, हे येथे पाहू.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

भारतीय परिचर्या परिषदेने आखून दिलेल्या रूपरेषेनुसार हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यातील अखेरचे सहा महिने प्रत्यक्ष सेवानुभवाचे असतात. प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असणे आणि वयाची १७ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात या अभ्यासक्रमाची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी हाच या व्यवसायाचा परवाना होय.

सन १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांची कल्पना मांडली. तेव्हापासून प्रसूतीपुरते मर्यादित असलेले या सेविकेचे काम लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुटुंबकल्याण आणि साथरोगांवरील देखरेख असे विस्तारत गेले. सपाटीच्या प्रदेशात ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हे सर्वमान्य प्रमाण आहे. त्या उपकेंद्राचा भार प्रामुख्याने तिच्यावरच असतो.

खर्चाची बाजू

खर्चाचे चार भाग पाडावेत. पहिला शुल्काचा. दुसरा पुस्तके, गणवेश, परीक्षा आणि नोंदणी यांचा. तिसरा वसतिगृहाचा व प्रवासाचा. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलगी घरी राहिली असती तरी जेवली असतीच. म्हणून घरखर्चापेक्षा जो जादा खर्च होईल तेवढाच हिशेबात धरावा. चौथा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दोन वर्षांत मुलीने अन्यत्र काम करून जे मिळविले असते, ते तिने सोडून दिलेले असते. ही बुडालेली कमाईदेखील खर्चच आहे.

आकडे संस्थेगणिक बदलतात. म्हणून केवळ रीत समजावी यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वार्षिक शुल्क ५०,००० रुपये, म्हणजे दोन वर्षांचे १,००,००० रुपये. पुस्तके, गणवेश, परीक्षा व नोंदणी मिळून १५,००० रुपये. राहण्या-जेवणाचा जादा खर्च दरमहा २,५०० रुपये, म्हणजे २४ महिन्यांचे ६०,००० रुपये. गावातच काम करून दरमहा ५,००० रुपये मिळाले असते असे मानल्यास बुडालेली कमाई १,२०,००० रुपये. एकूण २,९५,००० रुपये झाले. ज्या अभ्यासक्रमाला घरात ‘एक लाखाचा’ म्हटले जाते, तो वस्तुतः तीन लाखांच्या घरात जातो.

कमाईची बाजू

कमाई मोजताना संपूर्ण पगार धरणे चुकीचे ठरेल. अभ्यासक्रम न करताही जे मिळाले असते त्याहून किती अधिक मिळते, तेवढेच या शिक्षणाचे फळ होय.

वरील उदाहरणातील मुलीला घराजवळच्या खासगी रुग्णालयात दरमहा १०,००० रुपये मिळाले, तर वाढीव कमाई ५,००० रुपयांची झाली. २,९५,००० रुपये भरून निघण्यास ५९ महिने, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे लागतील. तीच नोकरी दूरच्या शहरात मिळाली आणि तेथे राहण्यासाठी दरमहा २,५०० रुपये जादा लागले, तर हाती उरणारी वाढ निम्मी होते आणि मुदत ११८ महिन्यांवर जाते. पगार तोच, परंतु भरपाईचा काळ दुप्पट! पगाराचा आकडा ऐकून हुरळून जाण्यापूर्वी नोकरी कोठे आहे, हे विचारावे ते यासाठीच.

जिल्हा परिषदेतील आरोग्य सेविकेच्या पदाचा हिशेब अगदी वेगळा आहे. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपये आहे. भत्ते आणि कपाती बाजूस ठेवून केवळ आरंभीचे मूळ वेतन धरले, तरी वाढीव कमाई २०,५०० रुपये होते व सारा खर्च १५ महिन्यांच्या आत भरून निघतो.

तथापि या दोन हिशेबांमध्ये प्रतीक्षेचा काळ उभा असतो. जिल्हा परिषदांच्या भरतीची मार्च २०१९ मध्ये निघालेली जाहिरात पुढे २०२२ मध्ये रद्द करण्यात आली आणि नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली. इतका काळ केवळ वाट पाहण्यात घालविणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही. उत्तीर्ण झाल्यावर एक वर्ष रिकामे गेले तरी आपल्या उदाहरणात ६०,००० रुपयांची भर पडून एकूण खर्च ३,५५,००० रुपये होतो. म्हणून खासगी रुग्णालयातील वेतनावर हिशेब बसतो की नाही, हे आधी पाहावे. शासकीय पद मिळाले तर तो अधिकचा लाभ समजावा.

स्वस्त प्रमाणपत्राची किंमत

तालुक्याच्या गावी ‘एका वर्षात नर्स व्हा’ अशा पाट्या लावून वर्ग चालविले जातात. त्यांपैकी कित्येकांना शासनाची मान्यता नसते आणि मंडळाशी संलग्नताही नसते. शुल्क कमी आणि मुदत निम्मी, म्हणून पालकांना ते सोयीचे वाटतात. त्यांचाही हिशेब करून पाहू. शुल्क ३०,००० रुपये, जादा राहणीखर्च ३०,००० रुपये आणि बुडालेली कमाई ६०,००० रुपये धरल्यास एकूण १,२०,००० रुपये होतात. असे प्रमाणपत्र घेतलेल्या मुलीला रुग्णालयात मदतनीस म्हणून ७,००० रुपये मिळाले, तर वाढीव कमाई अवघी २,००० रुपये. भरपाईस ६० महिने लागतील. खर्च निम्म्याहून कमी असूनही मुदत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाइतकीच!

यापेक्षाही मोठे नुकसान पुढे आहे. अशा प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही आणि नोंदणीवाचून आरोग्य सेविकेचे पद मिळत नाही. पुढील शिक्षणाची वाटही बंद होते. याउलट नोंदणीकृत सहायक परिचारिकेला जी.एन.एम. या तीन वर्षांच्या पदविकेस प्रवेश घेता येतो. ती पूर्ण केल्यावर शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पदासाठी पात्रता येते. या पदाचे आरंभीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये आहे. पुढे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने परिचर्येतील पदवीही मिळविता येते. मान्यताप्राप्त प्रमाणपत्र ही अशा रीतीने शिडीची पहिली पायरी ठरते.

खर्चाचा भार हलका करण्याचे मार्ग

अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थिनींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. इतर प्रवर्गांसाठीच्या शिष्यवृत्तींची चौकशीही प्रवेशापूर्वीच करावी. आपल्या उदाहरणातील संपूर्ण शुल्क माफ झाले, तर खर्च १,९५,००० रुपयांवर येतो आणि भरपाईची मुदत ५९ महिन्यांवरून ३९ महिन्यांवर येते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण द्यावे लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने सुरू होते. व्याज मात्र त्याआधीपासूनच चढू लागते. एक लाखावर दरसाल १० टक्के सरळ व्याज धरले, तर तीन वर्षांचे ३०,००० रुपये होतात. तीही रक्कम खर्चाच्या बाजूस लिहावी. एखाद्या संस्थेच्या विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती वा बँकेचे कर्ज मिळत नसेल, तर तिच्या मान्यतेची कसून चौकशी करावी.

मार्गदर्शकांचे कर्तव्य

हा हिशेब पालकांना एकट्याने जमेलच असे नाही. येथे शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. प्रवेशाच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत वा पालकसभेत त्यांनी चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी. संस्थेला शासनाची मान्यता व मंडळाची संलग्नता आहे काय? मागील तुकडीतील किती विद्यार्थिनींची परिषदेत नोंदणी झाली? सेवानुभवासाठी कोणते रुग्णालय जोडलेले आहे आणि तेथे खाटा किती आहेत? उत्तीर्ण विद्यार्थिनी आज कोठे आणि किती वेतनावर काम करीत आहेत? उत्तरे तोंडी न घेता कागदावर घ्यावीत आणि मंडळाच्या व परिषदेच्या नोंदींशी पडताळून पाहावीत.

काही लाभ या ताळेबंदात मावत नाहीत. वेळेवर झालेली गरोदर मातेची तपासणी किंवा न चुकलेली बालकाची लस यांचे मोल कुटुंबाच्या वहीत उमटत नाही, ते साऱ्या गावाच्या खाती जमा होते. म्हणूनच या वाटेने निघालेल्या मुलीचा पैसा आणि तिची दोन वर्षे चुकीच्या दारात खर्ची पडू नयेत, ही दक्षता गावाने घ्यावयास हवी. प्रवेशाची पहिली पावती फाडण्यापूर्वी मान्यतेचा कागद पाहिला, तर पुढचा बराचसा अनर्थ टळेल.