चुन्याची भट्टी आणि गणिती प्रतिमान

कळीचा चुना विझविताना काही ढेकळे पूर्णपणे फुलतात, तर काहींच्या पोटी टणक खडा शिल्लक राहतो. हा खडा म्हणजे न भाजलेली चुनखडी होय. तिच्यासाठी केलेली खोदाई, वाहतूक आणि इंधन यांचा खर्च वाया गेलेला असतो. असा गाभा का राहतो, याचा उलगडा वायू व घन कण यांच्यामधील विक्रियांच्या गणिती प्रतिमानांनी होऊ शकतो.

शुद्ध चुनखडीच्या १०० किलोग्रॅममधून ५६ किलोग्रॅम चुना मिळतो. उरलेले ४४ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायूच्या रूपाने निघून जातात. त्यासाठी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमान लागते. मात्र सबंध दगड एकाच वेळी भाजला जात नाही. बाहेर चुन्याचे सच्छिद्र कवच बनत जाते व आतला गाभा आकसत जातो. यागी व कुनी या जपानी शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेले ‘आकसत्या गाभ्याचे प्रतिमान’ याच चित्रावर आधारलेले आहे. त्यात दगड गोल मानला जातो. खाणीतून गोल दगड निघत नाहीत, हे खरे; तरीही निष्कर्ष उपयोगी ठरतात.

गाभ्याच्या सीमेवरील विक्रियाच मंद असेल, तर दुप्पट व्यासाच्या दगडाला दुप्पट वेळ लागतो. कवचातून उष्णता आत पोचण्यास किंवा वायू बाहेर पडण्यास अडथळा असेल, तर चौपट वेळ लागतो. या दुसऱ्या स्थितीतील हिशेब मोठा उद्बोधक आहे. गाभ्याचा व्यास मूळच्या निम्मा होतो, तेव्हा दगडाचा सात-अष्टमांश भाग भाजून झालेला असतो. परंतु एकूण वेळेपैकी निम्माच वेळ संपलेला असतो. राहिलेल्या एक-अष्टमांश भागासाठी तेवढाच वेळ पुन्हा द्यावा लागतो! लहानमोठे दगड एकत्र भरल्यास मोठे कच्चे राहतात आणि लहान अति भाजले जातात. अति भाजलेला चुना सावकाश विझतो व पुढे गिलाव्यात फुगून तो फोडतो. दगड चाळून जवळपास एकाच आकाराचे भरण्यामागील कारण हेच.

सर्वच विक्रिया मात्र या साध्या चित्रात बसत नाहीत. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड शोषण्यासाठी चुन्याचे कण वापरतात, तेव्हा कॅल्शियम सल्फेट तयार होते. ते चुन्यापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने कणांची छिद्रे बुजतात आणि आतला चुना निरुपयोगी राहतो. येथे छिद्रांचा आकार व त्यांचे आकुंचन समीकरणांत आणावे लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. एल. के. दोरायस्वामी यांनी या शाखेत महत्त्वाचे संशोधन केले. मुंबईचे प्रा. एम. एम. शर्मा यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विखंडी ग्रंथाचा पहिला खंड वायू-घन व घन-घन विक्रियांनाच वाहिलेला आहे.